जुन्या पद्मिनीचा पत्रा घरच्या घरी: डिकीपासून सुरुवात करा

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. तिचं सगळं आयुष्य रत्नागिरीत, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटरवर, कौलारू शेडखाली गेलं. खारा वारा बारा महिने आणि पाऊस चार महिने. वडिलांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली तेव्हा लांबून चकचकीत दिसायची. एकदा ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला सहज अंगठा दाबला, तर रंग पापडासारखा मोडला आणि आतून तांबूस भुसा सांडला. चार वर्षांपूर्वी ज्या गॅरेजमधून डेंटिंग-पेंटिंग करून आणली होती, तिथे गंजावरच पुट्टी थापून वर रंग मारला होता.

तेव्हापासून पत्र्याचं काम मी स्वतः करायला लागलो. आमच्याकडचे एक जुने डेंटर मिस्त्री संध्याकाळी खळ्यात येऊन बसायचे आणि माझा हात चुकला की सांगायचे. त्यांच्याकडून जे शिकलो ते नवख्यांसाठी क्रमाने लिहितो आहे. उदाहरण पद्मिनीचं घेतो, कारण ही गाडी मी नट-बोल्टपर्यंत ओळखतो. पण मारुती ८०० असो की अँबॅसिडर, पत्र्याचा स्वभाव तोच. दोन गोष्टी सुरुवातीलाच मनाशी पक्क्या करा: रंगाखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय काहीही ठरवायचं नाही, आणि उघडा केलेला पत्रा एक रात्रही उघडा ठेवायचा नाही.

कुठे हात घालायचा, कुठे नाही

पद्मिनीचं मूळ इटलीत. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने ११००/१०३ ही गाडी आणली. तिला वेगळी चासी नाही; तळ, खांब, छत हे सगळं एकमेकांना जोडून बॉडीच भार पेलते. तिचाच पुढचा अवतार १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघू लागला आणि सत्तरच्या दशकात त्याचं नाव ‘पद्मिनी’ झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळा महाराष्ट्र ओळखतो.

वेगळी चासी नाही, याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. जीपसारख्या गाडीत पत्रा सडला तरी खालची चासी गाडी धरून ठेवते. इथे दारांखालची पोकळ पट्टी, तळाचा पत्रा, दारांचे खांब, पुढच्या सस्पेन्शनच्या बैठकी हाच गाडीचा सांगाडा आहे. दारांखालची पट्टी आधाराशिवाय कापली तर गाडी मधोमध किंचित बसते, आणि मग दार लागत नाही, लागलं तर वर फट आणि खाली घासणी. ही दुरुस्ती होते, पण आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइपचे आडवे-तिरके आधार वेल्डिंगचे टाके मारून घट्ट करावे लागतात. पहिल्या वर्षी तिथे जाऊ नका. ते काम अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

घरी शिकायला योग्य म्हणजे बोल्ट काढले की सुटे होणारे भाग. त्यातही क्रम लावायचा तर आधी डिकीचं झाकण, मग बॉनेट, मग दारं. डिकी हलकी असते, तिच्यावर फार सामान नसतं, आणि काम थोडं फसलं तरी गाडी चालवायला अडत नाही. बॉनेट आकाराने मोठं आणि समोरच डोळ्यांत भरणारं, तिथली चूक लपत नाही. दारात काच, तिचं मशीन, लॉक, रबर अशी बरीच गुंतागुंत असते.

ऋतू आणि जागा

कोकणात आणि घाटमाथ्यावर पत्र्याचं काम दिवाळीनंतर काढावं आणि मेच्या मध्यापर्यंत आवरावं. पावसाळ्यात घासून पांढरा केलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला मी पाहिला आहे, तोही शेडच्या आत. देशावर कोरडी हवा असते, तिथे थोडी सवड मिळते, पण जून ते सप्टेंबर तिथेही टाळलेलंच बरं.

जागा छपराखाली पण मोकळ्या हवेची हवी. रंगाची धूळ स्वयंपाकघराकडे जाणार नाही, मुलं खेळतात तिथे बसणार नाही, हे आधी बघा. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. म्हणून कोरडी घासाई शक्य तितकी कमी करा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा, धूळ झाडून न काढता ओल्या फडक्याने टिपून घ्या. धुळीसाठी चांगला मास्क आणि थिनर-रंगाच्या वाफेसाठी कार्बनच्या डब्या लागणारा मास्क, असे दोन वेगळे मास्क लागतात. तोंडाला रुमाल बांधून यातलं काहीच अडत नाही. गॉगल आणि कातडी हातमोजे लागतीलच. कापलेल्या पत्र्याची कड सुरीपेक्षा वाईट लागते.

हत्यारांवर सुरुवातीला फार खर्च करू नका. पान्यांचा आणि बॉक्सचा सेट, गंजलेले बोल्ट सोडवायचं तेल, चार इंची ग्राइंडर, डेंटिंगच्या दोन हातोड्या (एक चपट्या तोंडाची, एक टोकदार), एक लाकडी मोगरी, दोन-तीन आकारांच्या डॉली, एक लांब कानस, पत्रा कापायची कात्री आणि वाळू भरलेली जाड कापडी पिशवी. डॉली म्हणजे हातात मावणारा, वळणदार तोंडांचा पोलादी ठोकळा. पत्र्याच्या मागे धरायची ती छोटी ऐरणच. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिरलात तर जुन्या डेंटरांच्या हातोड्या मिळून जातात. वर्षानुवर्षं वापरून त्यांची तोंडं आरशासारखी झालेली असतात, आणि तेच हवं असतं. हातोडीच्या तोंडावर जी चीर असेल तीच प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर उमटते.

आधी लोहचुंबक फिरवा

काही सोडवण्याआधी एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळा आणि सगळ्या गाडीवरून हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथे ते ओढलं जाईल. पुट्टीचा थर जाड असेल तिथे पकड सैल पडेल, आणि नुसतीच पुट्टी असेल तिथून घसरून खाली येईल. अशा जागा खडूने गोल करून ठेवा. आमच्या गाडीवर ड्रायव्हरच्या दाराचा खालचा चार बोटं रुंद पट्टा, मागच्या चाकावरची कमान आणि डिकीचा उजवा कोपरा असे तीन गोल निघाले.

बोटाच्या गाठीने टकटक करूनही कळतं. मोकळा पत्रा खणखणतो, पुट्टी लाकडासारखी बद्द वाजते. दारांच्या तळकडा, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, स्टेपनी ठेवतो तो डिकीचा तळ, आणि ओल्या चपलांखाली राहणारा पायाकडचा तळ, इथे पाणी साचतं म्हणून इथेच आधी गंज लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला आतून फोड येतात. वर वाटाण्याएवढा फोड दिसला तर खाली लिंबाएवढं सडलेलं आहे असं धरून चाला.

सोडवताना

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. मग मोबाइलवर फोटो घ्या, गरज वाटते त्याच्या दुप्पट. झाकण बंद असताना चारही बाजूंची फट किती आहे ते मोजून कागदावर लिहा. कुठे किती जाड नाणं आत जातं, एवढी नोंदसुद्धा पुरते.

बिजागरीभोवती टोकदार सुईने किंवा मार्करने रेघ ओढून ठेवा. ही एक रेघ परत बसवताना अर्धा दिवस वाचवते. बिजागरीमागे पातळ पत्र्याचं पॅकिंग किंवा वॉशर सापडतील. त्या कारखान्यात किंवा नंतर कोणी तरी फट जुळवण्यासाठी घातलेल्या असतात. कुठली कुठे होती ते लिहून त्याच बोल्टबरोबर पिशवीत टाका. आणि प्रत्येक पिशवीवर नाव हवं. “हा बोल्ट कुठला, ते लक्षात राहीलच” असं वाटतं. तीन महिन्यांनी राहत नाही.

गंजलेल्या बोल्टवर जोर करू नका. रात्री तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा, पान्याने आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित हलवा आणि मगच उलटं फिरवा. डिकीचं झाकण काढताना दुसरा माणूस लागतो. शेवटचा बोल्ट निघाला की झाकण एका बाजूला कलतं आणि कोपरा मागच्या पत्र्यावर आपटतो.

रंग काढणं

इथे बहुतेक जण ग्राइंडर उचलतात. ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, कुठे त्याहून पातळ. एका जागी दोन-चार सेकंद जास्त थांबलात की पत्रा तापून ताणला जातो आणि थंड झाल्यावर सरळ राहत नाही. हाताने दाबला तर पक्कन आत जातो, सोडला तर बाहेर येतो. हा दोष काढणं मूळ पोच काढण्यापेक्षा कितीतरी अवघड. वाळूचा जोरदार मारा देणाऱ्या दुकानात सपाट पॅनेल नेऊन देऊ नका, त्यानेही पत्रा वाकतो. ब्रॅकेट, रिमसारख्या जाड वस्तूंना तो मारा उत्तम.

मोठ्या सपाट भागासाठी पेंट रिमूव्हर वापरा. पण पॅनेलच्या कडेपासून एक इंच आत चिकटपट्टी लावून घ्या आणि रिमूव्हर त्या आतच ठेवा. डिकीचा आणि दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडून बसवलेला असतो. रिमूव्हर त्या दुमडीत शिरला तर कितीही धुतलं तरी थोडा आत राहतो आणि दोन महिन्यांनी नव्या रंगाला कडेने सोलून काढतो. माझ्या पहिल्या डिकीला हेच झालं होतं. मिस्त्रींनी कडेवर बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, “आत औषध बसलंय. ही कड पुन्हा उघड.” पुन्हा उघडली.

रिमूव्हरचा थर ब्रशने जाडसर, एकाच दिशेने द्या, वर पातळ प्लास्टिक पसरा म्हणजे तो सुकत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी रंग सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढा. लोखंडी पट्टीने चरे पडतात. गाडी तीन वेळा रंगवलेली असेल तर तीन थर निघतात, आणि हे काम मला सगळ्यात आवडतं. वरच्या पांढऱ्याखालून आमच्या डिकीवर वडिलांच्या वेळचा फिकट निळा निघाला. त्या निळ्याचा नखाएवढा तुकडा मी जपून ठेवला आणि पुढे रंग जुळवताना त्याचाच उपयोग झाला. तुम्हीही मूळ रंगाचा नमुना सापडला तर टाकू नका.

हे रसायन कातडीला भाजतं आणि त्याची वाफ डोकं जड करते. उघड्या हवेतच काम करा, जाड रबरी मोजे घाला. डब्यावर सांगितलं असेल त्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने पत्रा धुवा. काढलेला लगदा गटारात टाकू नका. राहिलेली एक इंचाची कड हाताने, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा.

पत्रा उघडा झाला की उघड्या हाताने शिवू नका. घामातलं मीठ पुरेसं असतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या बोटांचे ठसे गंजाने छापलेले दिसतात. थिनरने पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. त्या दिवशी जेवढं ठोकून होईल तेवढाच भाग उघडा करा, आणि संध्याकाळी काम अर्धवट राहिलं तर त्यावर प्रायमरचा पातळ हात मारूनच घरात जा. उद्या तो घासून काढावा लागेल, हरकत नाही.

पोच काढणं: ठोकण्याआधी बघणं

पोच पडताना पत्रा दोन प्रकारे बिघडतो. जिथे मार बसला तिथे तो दबतो, आणि त्या खड्ड्याभोवती एक उंचवटा उठतो, पाण्यात दगड टाकल्यावर लाट उठते तसा. नवखा माणूस मागून थेट खड्ड्याच्या मध्यावर ठोकतो. मध्य वर येतो, पण भोवतीचा उंचवटा तसाच अडकून राहतो, आणि आता तिथे खड्ड्याऐवजी टेंगूळ तयार होतं. पोच ज्या क्रमाने पडली त्याच्या उलट क्रमाने ती काढायची असते. शेवटी उठलेला उंचवटा आधी सोडवायचा, बाहेरून आत यायचं, आणि मध्य सगळ्यात शेवटी.

हे करायची रीत अशी. डॉली पत्र्याच्या मागे खड्ड्याच्या तळाशी धरून वर रेटा. हातोडी मात्र बाहेरून, शेजारच्या उंचवट्यावर, हलकी टाका. उंचवटा खाली बसतो, त्याच धक्क्याने डॉली खालून खड्ड्याला वर ढकलते. हातोडी आणि डॉली एकमेकींच्या समोर नाहीत, शेजारी-शेजारी आहेत, हे महत्त्वाचं. या ठोक्याचा आवाज बद्द येतो. डॉलीच्या बरोबर वरच हातोडी पडली तर टण्ण असा आवाज येतो. त्या ठोक्याने दोन लोखंडांमध्ये चेपून पत्रा पातळ होतो आणि पसरतो. शेवटची बारीक सफाई करताना तो लागतो, पण त्यानेच सुरुवात केली तर पत्रा ताणून ठेवाल. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून चहा पीत असायचे आणि नुसत्या आवाजावरून म्हणायचे, “वरतीच मारतोयस.”

ठोके मनगटातून, हलके आणि पुष्कळ. खांद्यातून मारलेला एक जोरदार ठोका पन्नास हलक्या ठोक्यांचं काम बिघडवतो. मोठ्या, उथळ पोचीला आधी मागून मोगरीने किंवा हाताच्या तळव्याने दाबून बघा, खाली वाळूची पिशवी ठेवा. पुष्कळदा निम्मी पोच तेवढ्यावर उसळून बाहेर येते.

पत्रा सरळ झाला की नाही हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. सुती मोजा किंवा पातळ कापड हातात घालून तळवा लांब, सलग फिरवा, बोटं पॅनेलच्या लांबीच्या दिशेने ठेवून. कापडामुळे हात अडकत नाही आणि केसाएवढा चढ-उतार जाणवतो. मग कानस अगदी हलक्या हाताने तिरकी फिरवा, घासण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. कानशीने चमकावलेले ठिपके म्हणजे उंचवटे, न शिवलेले काळसर भाग म्हणजे खोलगट. खोलगट जागा टोकदार हातोडीने मागून हळूच उचला, पुन्हा कानस फिरवा.

किती सरळ झालं म्हणजे पुरे? माझ्यापुरतं उत्तर: राहिलेला खोलगटपणा एका मिलिमीटरच्या आत आला की थांबा. पुट्टी तेवढ्यासाठीच असते.

पक्कन आत-बाहेर होणारा ताणलेला पत्रा दिसला तर त्याला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी गॅसने लाल करून, भोवतीने हलकं ठोकून, ओल्या फडक्याने थंड करून आकसवतात. हे मी तीन वर्षांनी शिकलो आणि अजूनही मोडीत काढलेल्या पत्र्यावर एकदा सराव केल्याशिवाय गाडीवर करत नाही. पहिल्या डिकीला हे करू नका.

सडलेला पत्रा कापणं

डिकीनंतर दार. दाराच्या खालच्या कडेला गंज का लागतो ते आधी समजून घ्या, नाहीतर दुरुस्ती दोन पावसाळेही टिकणार नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातंच, ते तसंच बनवलेलं आहे. तळाशी असलेल्या छोट्या भोकांतून ते बाहेर पडायला हवं. ही भोकं धुळीने, पुट्टीने, रंगाने बुजली की दाराची टाकी होते.

गंज घासून पांढरा पत्रा लागला आणि तो टोकदार हातोडीच्या हलक्या ठोक्यालाही दबला नाही, तर तो भाग वाचला. खोल ठिपक्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक लावा, मग नीट धुऊन पूर्ण वाळवा. त्याचे अवशेष राहिले तर वरचा प्रायमर धरत नाही. संडास धुवायचं ॲसिड मात्र कधीही वापरू नका. ते दुमडींत शिरून आतून खातच राहतं.

सुटे ब्रॅकेट, बिजागऱ्या, लॉकचे पत्रे यांच्यासाठी घरगुती उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या वस्तूला आणि पॉझिटिव्ह तार बाजूला सोडलेल्या साध्या लोखंडी सळीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटा होतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर, ठिणगीपासून लांब करायचं.

हातोडीने दबला किंवा भोक पडलं तो पत्रा कापायचाच. सडलेल्या जागेच्या पलीकडे चांगला पत्रा लागेल तिथे रेघ मारा, अर्धा-एक इंच धरून. कापलेल्या खिडकीचे कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यात वेल्डिंगचा ताण साठतो. ठिगळाचा साचा कागदाचा करा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी अगदी बेताचा जाड असतो, वाकवला की वाकतो आणि कड धरून ठेवतो. पत्रा २० गेजचा सीआर, म्हणजे मुलामा नसलेला साधा गुळगुळीत पत्रा, घ्या. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. मोडीत निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीच्या दाराचा तळ मिळाला तर उत्तमच, दुमड तयार मिळते. मुंबईकर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुणेकर नाना पेठेत चौकशी करून बघू शकतात.

ठिगळ कापणं, वाकवणं, कानशीने घासून जागेत बसवणं हे सगळं तुम्ही करा. भोवती एक मिलिमीटरची सारखी फट राहील इतकं ते नेमकं हवं. वेल्डिंग मात्र पहिल्या वेळी जाणत्याकडून करून घ्या, आणि तेही सीओटू मशीनवर (गॅसच्या आडोशात तारेने वेल्डिंग करणारं मशीन), पातळ तारेने. खिडकीच्या ग्रिल करणाऱ्याकडचं साधं आर्क मशीन या पत्र्याला भोकं पाडतं. दार त्याच्याकडे घेऊन जा. काच, रबर, आतलं कापड आधीच काढलेलं असू द्या. वेल्डिंग गाडीवरच करायची वेळ आली तर बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी आणि नळी कुठे आहे ते बघा, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवा.

सलग झाल, म्हणजे वेल्डिंगची अखंड ओळ, ओढू देऊ नका. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मधे. प्रत्येक टाका हात लावण्याइतका थंड झाल्यावर पुढचा. असं फिरत-फिरत फट भरत आणायची. घाई असलेला कारागीर वैतागतो; त्याला आधीच सांगून ठेवा आणि वेळेचे पैसे द्या. टाके घासून समतल केल्यावर झालेच्या ओळीवर पत्रा आत ओढलेला दिसेल, कारण थंड होताना झाल आकसते. इथे तो टण्ण वाजणारा ठोका कामाला येतो. झालेमागे डॉली धरून वरून हलके ठोके दिले की आकसलेली ओळ पसरते आणि पत्रा वर येतो.

प्रायमर आधी, पुट्टी नंतर

बऱ्याच ठिकाणी उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरतात. पॉलिस्टर पुट्टी ओल शोषते. तिच्याखाली उघडा पत्रा असेल तर ती ओल थेट त्याला भेटते. म्हणून आधी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, डब्यावरच्या मापाने मिसळून, दोन पातळ हात. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण तो ओल अडवत नाही. खाऱ्या हवेत मी तो वापरत नाही. प्रायमर सुकला की ज्या जागी पुट्टी लागणार तेवढीच जागा ८० नंबरने खरखरीत करा. दुमडींत आणि जोडांवर सीम सीलर (सांधे बुजवणारी लवचीक पेस्ट) भरा.

पुट्टीत हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारी पेस्ट, साधारण दोन टक्के. चमच्याने मोजत बसण्यापेक्षा रंगावरून शिका. पूर्ण एकजीव, पट्टे न दिसणारा, फिकट गुलाबीसर रंग यायला हवा. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटांत ती घट्ट व्हायला लागते, तेव्हा एका वेळी लिंबाएवढीच कालवा. हार्डनर जास्त पडला तर नंतर वरच्या रंगातून डाग उमटतो. पुट्टी पाण्याने घासू नका. लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून कोरडीच घासा, ८०, मग १२०, मग १८० नंबर. ठोकळा हवाच, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या आकाराचे चर पडतात. वर काळ्या स्प्रेचा धुरळ्यासारखा हलका हात मारून घासलंत तर खोलगट जागी काळं राहतं आणि कुठे भरायचं ते आपोआप दिसतं. ट्यूबमधली एनसी पुट्टी (हार्डनर न लागणारी, नुसती वाळणारी बारीक पुट्टी) फक्त सुईच्या टोकाएवढ्या भोकांसाठी. जाड भरली तर ती महिनोन्‌महिने आकसत राहते.

मग सरफेसर, म्हणजे बारीक चरे भरून पृष्ठभाग सारखा करणारा रंगाखालचा थर; तो ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासायचा, आणि रंग द्यायच्या आधी ६०० ने.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. हार्डनर घालायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगांत आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो घरी मारू नका. पत्रा तयार करून पॅनेल पेंटरच्या बूथमध्ये न्या. मी तेच करतो.

बसवून बघा, मग रंगवा

सरफेसर झालेलं पॅनेल रंगाला पाठवायच्या आधी गाडीवर एकदा बसवा. बिजागरीची रेघ, पॅकिंग, वॉशर, सगळं नोंदीप्रमाणे. फट मोजा, आधीच्या कागदाशी ताडून बघा. ठिगळ मारलेलं दार खालच्या कडेला दोन मिलिमीटर बाहेर आलेलं असू शकतं. आमचं आलं होतं, आणि ते आत्ताच घासता किंवा ठोकता येतं. रंगानंतर आलं असतं तर पुन्हा सगळी कड उघडावी लागली असती.

रंग होऊन दार घरी आलं की तळाची भोकं तारेने मोकळी करा, आतून पाणी ओतून ते झरझर बाहेर येतं का बघा. मग पोकळीत वॅक्सचा स्प्रे मारा, लांब नळीने सगळ्या कोपऱ्यांत. गॅरेजमध्ये जुनं इंजिन ऑइल आत ओतायची पद्धत आहे, पण त्यात आम्लं तयार झालेली असतात. काचेचं रबर चिरलेलं असेल तर तेही याच वेळी बदला. प्रत्येक पावसाळ्याआधी भोकं तपासा आणि दर दोन वर्षांनी वॅक्स पुन्हा मारा.

कागदपत्रांचं दोन ओळींत. गाडीवर कोरलेला चासी नंबर जिथे आहे त्या जागेवर ग्राइंडर, पुट्टी, जाड रंग यातलं काहीही नको; काम सुरू करायच्या आधी त्याचा पेन्सिलने कागदावर ठसा आणि स्वच्छ फोटो घेऊन ठेवा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत तो नंबर स्पष्ट दिसावा लागतो. आणि मूळ रंग सोडून दुसरा देणार असाल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. आमच्या आरसीवर निळाच लिहिलेला होता, म्हणून डिकीखाली सापडलेला तो नखाएवढा तुकडा पेंटरकडे नेला आणि त्यावरून रंग जुळवून घेतला.